आग लागली की कळतं, वास्तू कुणाची होती

आज जरा मोठं लिहितेय. चहा घेऊन बसा.

आबिड्सचं नाव ज्याच्यावरून पडलं तो अल्बर्ट आबिद सहाव्या निजामाचा, महबूब अली खानांचा खास खिदमतगार. त्याचं दुकान इथे होतं, म्हणून हे आबिड्स. शेजारची गनफाउंड्री त्याहून जुनी. मुसियो रेमाँ नावाचा फ्रेंच सरदार निजामाच्या चाकरीत होता, त्याने १७८६ च्या सुमारास इथे तोफा ओतायचा कारखाना काढला. १७९८ साली तो वारला. मलकपेटच्या टेकडीवर त्याची समाधी आहे आणि मूसारामबाग हे नाव त्याच्याच नावावरून आलंय असं मानतात. म्हणजे आपण रोज रिक्षावाल्याला जी ठिकाणं सांगतो, त्यातली निम्मी परक्या माणसांनी ठेवून दिलेली.

हे एवढ्यासाठी सांगितलं की आज मला ‘आपलं’ आणि ‘परकं’ याच्यावरच बोलायचंय.

माझे आजोबा नांदेडकडून हैदराबादला आले तेव्हा नांदेड आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही इथेच राहिलो. गावाकडचे पाहुणे आले की हमखास विचारायचे, “आता तुमचं काय आहे तिथं?” आजोबा फारसं उत्तर द्यायचे नाहीत. म्हणायचे, “घर आहे, शाळा आहे, देऊळ आहे. आणखी काय लागतं?” तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हेच झालं असणार.

आमच्या त्या ‘शाळा आहे’ मध्ये गनफाउंड्रीचं सेंट जोसेफ कॅथेड्रलही यायचं. मुली रोझरी कॉन्व्हेंटला, मुलगे ऑल सेंट्सला. दोन्ही शाळा त्या चर्चच्या आसपासच. इटलीतल्या मिलानहून आलेल्या मिशनऱ्यांनी ते बांधलं आणि १८७५ च्या नाताळात ते उघडलं. पुढे १८९२ मध्ये इटलीहूनच घंटा आल्या. आमच्या घरात त्या घंटेवर वेळ चालायची. आई देवपूजा आटोपून कुकर लावायची तो घंटेच्या हिशोबाने. नाताळच्या आदल्या रात्री गोठा बघायला आम्ही सगळी भावंडं जायचो. परतताना बाबा आबिड्सवर उस्मानिया बिस्किटं घ्यायचे. आत जाऊन प्रार्थना कधी केली नाही, पण ते चर्च परकं आहे असं मनातही आलं नाही.

आता मुद्द्यावर येते. १५ एप्रिल २०१९, सोमवार. पॅरिसच्या नोत्र-दामला आग लागली. पहिली घंटा वाजली तेव्हा तिथे संध्याकाळचे सहा वीस झाले होते, आपल्याकडे रात्रीचे दहाला दहा कमी. आमच्या बिल्डिंगीत जेवणं उरकली होती, आणि एकेका घरात टीव्ही लागत गेला. साडेअकराच्या आत तो उंच निमुळता मनोरा वाकून आत कोसळला. पॅरिसच्या रस्त्यावर लोक गुडघे टेकून गाणी म्हणत होते.

समोरच्या ब्लॉकातल्या आंटी, सेंट जोसेफला नेमाने जाणाऱ्या, आमच्याकडे येऊन बसल्या. आदल्या दिवशीच झावळ्यांचा रविवार झाला होता. झावळीच्या पातीचा विणलेला छोटा क्रूस त्यांच्या पर्समध्ये होता. टीव्ही बघत त्या तो हातात फिरवत होत्या. रडल्या नाहीत, पण बोललाही नाहीत.

दुसऱ्या दिवशी खाली बाकावर दोन तट पडले. एक म्हणाले, साडेआठशे वर्षांची वास्तू गेली, माणसाच्या हाताचं काम गेलं, वाईट वाटणारच. दुसरे म्हणाले, “अहो, पॅरिसचं चर्च जळालं, आपल्याला काय? आपल्याकडची देवळं पडतात तेव्हा कोण रडतं?” तिसरे एक होते, ते म्हणाले, “इतके पैसे जमताहेत म्हणे. त्यात किती शाळा झाल्या असत्या!”

हे तिन्ही प्रश्न मला खोटे वाटले नाहीत. म्हणून गेली काही वर्षं जिथे जिथे अशी आग लागली, तिथे लोक काय म्हणाले, काय केलं, ते मी वाचत, कापून ठेवत गेले.

पैशाचं आधी सांगते. नोत्र-दामसाठी सुमारे ८५ कोटी युरो जमले. मोठ्या धनिकांचे आकडे पेपरात झळकले, पण देणारे एकूण तीन लाख चाळीस हजारांच्या घरात होते, दीडशे देशांतले. म्हणजे बहुतेकांनी आपल्या ऐपतीचं थोडंथोडं दिलं. त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट झाली. अमेरिकेत लुइझियाना राज्यात त्याआधी थोडेच दिवस कृष्णवर्णीयांची तीन जुनी चर्च कुणीतरी जाळली होती. त्यांच्या मदतनिधीकडे फारसं कुणी बघितलं नव्हतं. नोत्र-दामनंतर लोकांनी एकमेकांना आठवण करून दिली की अरे, हीही जळालीत. दोन-तीन दिवसांत तो निधी वीस लाख डॉलरच्या आसपास जाऊन पोचला. एकाला दिलं म्हणून दुसऱ्याचं कमी झालं, असं निदान तिथे तरी झालं नाही.

पण त्याच आठवड्यात आणखीही घडलं. २१ एप्रिलला, ईस्टरच्या सकाळी, श्रीलंकेत चर्चमध्ये आणि हॉटेलांत बॉम्ब फुटले. अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्या दिवशी आंटी पुन्हा आल्या, आणि त्या दिवशी मात्र रडल्या. म्हणाल्या, “पॅरिसमध्ये लाकूड जळालं. इथे माणसं गेली.” हे मी कधी विसरत नाही. वास्तूबद्दल बोलताना हा हिशोब आधी मांडायला हवा. नोत्र-दामच्या आगीत कुणाचा जीव गेला नाही, म्हणूनच आपण तिच्याबद्दल इतिहास म्हणून बोलू शकतो.

आबिड्सकरांना हा हिशोब ठाऊकही आहे. त्याच वर्षी ३० जानेवारीच्या रात्री नामपल्लीची नुमाईश पेटली होती. उस्मानियाच्या पदवीधरांनी १९३८ मध्ये सुरू केलेली ती नुमाईश, आपल्या सगळ्यांच्या लहानपणाचा जानेवारी महिना. शेकडो दुकानं राख झाली. काश्मीरहून शाली घेऊन आलेल्यांचा सगळा हंगाम गेला. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न एकच होता, “कुणी गेलं का?” नाही म्हटल्यावर मग बाकीचं. काही दिवसांत नुमाईश परत सुरू झाली. आमच्या वहिनी मुद्दाम गेल्या आणि गरज नसताना दोन शाली घेऊन आल्या. हैदराबादच्या उन्हाळ्याच्या तोंडावर! पण त्यांना विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

आता ‘आपल्याला काय?’ या प्रश्नाकडे येते. आपल्याकडे जळालं तेव्हा आपण काय केलं?

शनिवारवाडा घ्या. १७३० साली पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांनी, २७ फेब्रुवारी १८२८ ला, त्याला आग लागली. ती सात दिवस धुमसत होती असं सांगतात. वरचं सागवान सगळं गेलं, राहिले ते तट, दरवाजे, कारंज्यांच्या खुणा. वाडा पुन्हा उभा राहिला नाही. कोण उभारणार होतं? मालक बिठूरला, सत्ता कंपनीची, आणि शहरातल्या सामान्य माणसाचा त्या दिवाणखान्यांशी संबंध दुरूनच मुजरा करण्यापुरता. वाईट सगळ्यांना वाटलं असेल. पण वाईट वाटणं वेगळं आणि पदराला खार लावून उभारणं वेगळं.

त्यानंतर एकावन्न वर्षांनी त्याच शहरात दुसरी आग लागली. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा, दोन्ही पेटले. बुधवारवाडा नाहीसाच झाला. विश्रामबाग दुसऱ्या बाजीरावाचा, पण तोवर तिथे पेशवा नव्हता, शाळा होती. १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा तिथे सुरू झाली आणि पुढे विद्येचं काम तिथे चालूच राहिलं. त्या वेळी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड जोरात होतं, त्यामुळे पहिला संशय त्यांच्यावर गेला. इंग्रजी वर्तमानपत्रांनी मोठा गहजब केला. तपासात भलतंच निघालं. रानडे आडनावाचा एक सरकारी कारकूनच दोषी ठरला. बंडाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

इथे हैदराबादचा धागा येतो. फडके त्या उन्हाळ्यात निजामाच्या मुलखात रोहिल्यांची फौज उभी करायच्या खटपटीत होते. मेजर डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी पाठलाग करून त्यांना २० जुलै १८७९ ला पकडलं. म्हणजे पुण्यातल्या आगीनंतर जो संशय उठला, त्याच्या घोड्यांच्या टापा आपल्या भागापर्यंत आल्या होत्या. आग लागली की आधी माणूस शोधतात, कारण मागून सापडतं. हे १८७९ ला खरं होतं आणि आजही आहे. नोत्र-दामचा धूर विरायच्या आत जगभर अफवा सुटल्या होत्या की हे अमक्यांनी केलं, तमक्यांनी केलं. तपासात घातपाताचा पुरावा मिळाला नाही.

विश्रामबागेचं पुढे काय झालं? जळालेला भाग पुन्हा बांधला, आणि त्यात नगरपालिकेबरोबर पुणेकरांच्या वर्गणीचाही वाटा होता. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. दोन्ही वाडे पेशव्यांचेच. पण एकात लोक फक्त मुजऱ्याला गेले होते, आणि दुसऱ्यात त्यांची पोरं शिकत होती.

आता आपल्या शहरात या. १६ जानेवारी २०२२, संक्रांतीची सुट्टी, पहाटेची वेळ. सिकंदराबाद क्लबची मुख्य इमारत जळाली. क्लब १८७८ सालचा, आणि ती इमारत म्हणजे मूळचा सालारजंगांचा शिकारीचा बंगला. नशिबाने कुणाला इजा झाली नाही. सभासदांना मनापासून दुःख झालं. त्यांच्या तीन-तीन पिढ्यांची लग्नं, ख्रिसमसच्या पार्ट्या, वाचनालयाच्या संध्याकाळी तिथे झालेल्या. पण भाजीवाल्याशी बोलले, रिक्षावाल्याशी बोलले, तर ते म्हणाले, “अम्मा, हम तो कभी अंदर गये इच नहीं.” त्यात राग नव्हता. जिथे पाऊल टाकलं नाही तिथलं दुःख कसं होणार, एवढंच.

आणि याच्या अगदी उलट कोल्हापूर. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. संगीतसूर्य केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्रीच त्यांच्या नावाचं नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधून घेतलेलं ते पॅलेस थिएटर, शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान. बातमी कळताच लोक रात्रीच तिकडे धावले. नट रडले, तसे प्रेक्षकही रडले. बाल्कनीत बसून ज्यांनी पहिलं नाटक पाहिलं, ते रस्त्यावर उभे राहून रडले. सरकारनेही ते पुन्हा उभारायचं जाहीर केलं. माझी नणंद कोल्हापूरची. तिने रात्री साडेबाराला फोन केला. आमच्या घरात या वेळी फोन म्हणजे कुणीतरी गेलं असंच धरतात. ती म्हणाली, “वहिनी, आपलं थिएटर गेलं गं.” तिच्या मालकीची तिथली एक खुर्चीसुद्धा नाही. तरी ‘आपलं’.

हे सगळं एकत्र ठेवलं की मला एवढंच दिसतं. वास्तू किती जुनी, किती सुंदर, कुणी बांधली, कुठल्या धर्माची, यावर लोकांचं रडणं ठरत नाही. तिचं दार किती जणांना उघडं होतं, यावर ठरतं. नोत्र-दामला आगीच्या आधी वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास माणसं जात, तिकीट नाही. माझ्या बाकावरच्या शेजाऱ्यांचा प्रश्न, “आपल्याकडची देवळं पडतात तेव्हा कोण रडतं?” त्याला उत्तर हेच आहे की आधी आपण रडायला हवं, आणि त्यासाठी आधी आपण तिथे जायला हवं.

पण नुसतं रडून वास्तू उभी राहत नाही. नोत्र-दाम पाच वर्षांत पुन्हा उभं राहिलं, ७ डिसेंबर २०२४ ला दारं उघडली. छताचं लाकूड तिथे इतकं दाट होतं की त्याला ‘जंगल’च म्हणत. ते आणि मनोरा पुन्हा करायला सुमारे दोन हजार ओकची झाडं लागली. पैसा होता, सुतार होते. पण त्याहून महत्त्वाचं, मोजमापं होती. अँड्र्यू टॅलन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने आगीच्या काही वर्षं आधी लेसर यंत्राने त्या चर्चचा कोपरा न् कोपरा मोजून ठेवला होता. आग लागायच्या पाचच महिने आधी तो वारला. त्याचं काम मागे राहिलं.

आणि एक चूक तिथे झाली, तीही लक्षात ठेवण्यासारखी. पहिली धोक्याची घंटा वेळेवर वाजली होती. पण निरोप नीट न कळल्यामुळे पहारेकरी भलत्याच पोटमाळ्यावर जाऊन बघून आला. तिथे काहीच नव्हतं. खरी जागा कळेपर्यंत अर्धा तास गेला, आणि जुन्या लाकडाला अर्धा तास पुष्कळ होतो.

आता आपल्याबद्दल बोलते. आमचं आबिड्सच्या गल्लीतलं घर विकून तीस वर्षं झाली. तिथे आता चार मजले आहेत, खाली चपलांचं दुकान. गेल्या दिवाळीत आम्ही चार भावंडं जमलो आणि सहज म्हणून त्या घराचा नकाशा काढायला बसलो. चौघांचे चार नकाशे झाले. थोरला म्हणतो जिना अंगणातून होता, मी म्हणते माजघरातून, धाकटा म्हणतो दोन जिने होते. तुळशीवृंदावन कुठे होतं यावर तर भांडणच झालं. घराचा एकही पुरता फोटो नाही. जे आहेत ते लग्नामुंजीतले, त्यात माणसं आहेत आणि मागे भिंतीचा तुकडा. आई असती तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं.

घराचं गेलं ते गेलं. पण आपल्या मराठी मंडळींच्या जुन्या संस्था, हॉल, ग्रंथालयं, मठ, देवळं या शहरात अजून उभी आहेत. विवेक वर्धिनीसारखी १९०७ सालची संस्था आपल्या आजोबा-पणजोबांनी निजामाच्या राज्यात, उर्दूच्या अमलात, वर्गण्या काढून उभी केली. अशाच एका जुन्या हॉलमध्ये, नाव सांगत नाही, मी मागच्या गणपतीत गेले होते. माळ्यावर जुनी हस्तलिखितं आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे, त्यांना लागून उघड्या वायरी, आणि मेन स्विचपुढे मांडवाचं कापड. स्विच कुठाय विचारलं तर तिघांनी तीन दिशा दाखवल्या. मला पॅरिसचा पहारेकरी आठवला.

त्या हॉलबद्दल सध्या दोन मतं आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. काही जण म्हणतात पाडून नवं बांधू, खाली दुकानं काढू, संस्थेला उत्पन्न होईल. काही म्हणतात एक वीट हलवायची नाही. दोन्ही बाजूंना माझी माणसं आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. पाडायचं की ठेवायचं हे ठरवायच्या आधी तीन कामं करूया. एक, वायरमन बोलावून सगळं वायरिंग तपासूया, आणि मेन स्विच कुठे आहे ते दारावर मराठीत, तेलुगूत आणि उर्दूत लिहूया. दोन, आपल्यातल्या आर्किटेक्ट मुलामुलींनी दोन रविवार देऊन हॉल मोजूया, नकाशा काढूया, प्रत्येक तुळईचा फोटो घेऊया. तीन, दार उघडूया. वर्षातून तीन कार्यक्रम सोडले तर तो हॉल बंद असतो. आपल्या नातवंडांनी तो आतून पाहिलेला नाही. संध्याकाळी दोन तास वाचायला उघडला, शेजारच्या तेलुगू मुलांनाही अभ्यासाला बसू दिलं, तर काही वर्षांत त्याला ‘आपला’ म्हणणारे वाढतील. मग जे ठरेल ते ठरवायला पन्नास माणसं येतील. आज पाच येतात, आणि त्यातले तीन चहाला.

रेमाँच्या समाधीजवळची जुनी छत्री २००१ च्या पावसात कोसळली होती. पुरातत्त्व खात्याने ती पुन्हा उभी केली. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका फ्रेंच माणसासाठी हैदराबादने एवढं केलं. आपल्या आजोबांच्या हॉलसाठी दोन रविवार आपण काढू शकतो.

ज्यांच्याकडे जुने फोटो असतील, लग्नातले असोत की गॅदरिंगमधले, ते शोधून ठेवा. माणसांच्या मागे भिंत दिसत असेल तर तो फोटो आधी पाठवा. वायरिंगच्या खर्चाला पहिले दोन हजार माझे धरा.